शब्दकोड्यातल्या आकृत्या, आकार आणि राजचिन्हं: अडलं की काय करायचं

"मदन. घरं पाच."

रविवारी सकाळी आईचा फोन येतो तो असा. कसा आहेस नाही, चहा झाला का नाही, थेट कोडं. मी म्हणालो मकरध्वज. ती म्हणाली ते मलापण येतं रे, बसत नाहीये म्हणून तर फोन केला. मग विचारलं तिसऱ्या घरातून खाली काय जातंय, तर दोन घरांचा शब्द आणि क्लू 'डोकं नसलेला ग्रह'. म्हणजे केतू. म्हणजे आडव्या शब्दाचं तिसरं घर 'र' नाही, 'के' आहे. मी-न-के-त-न. मीनकेतन. आईने फोन ठेवला, थँक्यू वगैरे आमच्यात नसतं.

या प्रकारच्या क्लूंवर बरेच जण अडतात असं बघितलंय, म्हणजे आकृती, आकार, झेंड्यावरचं चित्र, राजघराण्याची खूण असले क्लू. नद्या, राजधान्या, नटनट्या पटापट भरतात आणि मग कोपऱ्यात 'चालुक्यांचे चिन्ह' रिकामं राहतं. पाठांतर कमी पडतं म्हणून हे होत नाही, आपण चुकीचा प्रश्न घेऊन बसतो म्हणून होतं. चिन्ह विचारलं असेल तर 'काय' हे नंतर, आधी 'कुणाचं आणि कशावरचं' ते बघायचं. झेंड्यावरचं, अंगावरचं, वाहन म्हणून, का शिक्क्यावरचं? आणि आकार विचारला असेल तर त्या शब्दाचा दुसरा अर्थ कुठला ते शोधायचं, कारण मराठीत आकारांचे शब्द जवळजवळ सगळेच डबल ड्युटी करतात.

पण त्याच्याही आधी घरं मोजायला शिका. मराठी कोड्यात एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना मात्रा वेलांटी अनुस्वार सगळ्यासकट, आणि जोडाक्षर कितीही जाडजूड असलं तरी एकच घर खातं. त्यामुळे स्वस्तिक तीन घरांचं (स्व-स्ति-क), चक्र दोनच, त्रिशूळ तीन, राजमुद्रा चार, गंडभेरुंड पाच, आणि इष्टिकाचिती हा एवढा लांबलचक शब्द पण पाचच. कपिध्वज चार आणि मकरध्वज पाच हे बोटांवर मोजून बघा एकदा, म्हणजे 'ध्व' एक घर हे डोक्यात बसेल. नवीन माणूस इथेच फसतो, शब्द बरोबर येत असतो पण घरं जास्त वाटतात म्हणून सोडून देतो.

दोन खास खड्डे. एक म्हणजे षटकोन. कुणी षट्कोन लिहितं पाय मोडून, मग 'ट्को' एका घरात जातं आणि शब्द तीन घरांचा होतो, कुणी सरळ ष-ट-को-न लिहितं, चार घरं. घरं बघून ठरवायचं, शुद्धलेखनाचा वाद घालायचा नाही. दुसरा खड्डा ण आणि न चा: पाठ्यपुस्तकात कोन आहे, चौकोन आहे, पंचकोन आहे, आणि त्रिकोण मात्र ण ने. का ते विचारू नका, संस्कृतातून आहे तसा उचललाय म्हणून. पण त्यामुळे शेवटच्या घरातून जाणारा उभा शब्द न पासून सुरू होतो का ण वर संपतो यावर तुमचा त्रिकोण का चौकोन हे ठरू शकतं. ण पासून सुरू होणारा शब्द मराठीत मिळणं मुश्कील, म्हणून कोडं करणारा शहाणा असेल तर ण हा दुसऱ्या शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी टाकतो. हे लक्षात ठेवलं तर अर्धवट जाळ्यातूनपण बराच अंदाज येतो.

जाळ्यावरून आठवलं, पहिलं शब्दकोडं चौकोनी नव्हतंच. २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्ड या पेपरात आर्थर विन यांनी जे छापलं ते हिऱ्याच्या आकाराचं होतं, टोकावर उभ्या केलेल्या चौकोनासारखं, आणि मध्ये रिकामी जागा. असो.

आता आकार. भूमितीचे शब्द हा कोडं करणाऱ्यांचा लाडका माल आहे कारण त्यातले कितीतरी पुराणात आधीच नोकरीला लागलेले आहेत. कर्ण घ्या. काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची बाजू, चौकोनात समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेघ, कुंतीचा थोरला, संस्कृतात कान, आणि कर्णधारमधला कर्ण म्हणजे नावेचं सुकाणू. एवढे अर्थ असलेला दोन घरांचा शब्द कोण सोडेल! 'त्रिकोणातला दानशूर' असा क्लू आला की लोक दानशूर माणसांची यादी काढतात, अरे त्रिकोणात म्हटलंय ना, तिथेच बघा की. व्यास तसाच, वर्तुळाच्या मध्यातून आरपार जाणारा आणि महाभारत सांगणारा. कंस म्हणजे वर्तुळाचा तुकडा, गणितातला ब्रॅकेट आणि कृष्णाचा मामा, तिन्ही. 'मामा ब्रॅकेटमध्ये' असा क्लू मी स्वतः एकदा ऑफिसच्या दिवाळी अंकासाठी केला होता आणि कुणालाच सुटला नाही, नंतर सगळे चिडले.

जीवा माझा आवडता. वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारी रेघ म्हणजे जीवा, धनुष्याची दोरीपण जीवा (वर्तुळाचा तुकडा धनुष्यासारखा आणि ही त्याची दोरी, चित्र डोळ्यासमोर आणा म्हणजे विसरणार नाही), आणि आपला जीवा महाला तर आहेच, होता जीवा म्हणून वाचला शिवा. धनुष्य म्हणजे चाप, आणि बंदुकीचा पण चाप, आणि वर्तुळाच्या कंसालापण चाप म्हणतात काही जुन्या पुस्तकांत. वृत्त म्हणजे गोल, बातमी आणि कवितेचा छंद. घन म्हणजे सहा तोंडांची आकृती, ढग आणि लोहाराचा मोठा हातोडा. आयत म्हणजे समोरासमोरच्या बाजू सारख्या असलेला काटकोनी चौकोन आणि कुराणातलं वचन. पतंग म्हणजे उडवायचा, दिव्यावर झेपावणारा किडा, आणि शाळेच्या पुस्तकातला चौकोनाचा एक प्रकार ज्यात शेजारच्या बाजूंच्या दोन जोड्या सारख्या असतात. लोलक म्हणजे घड्याळाचा लंबक पण आणि झुंबराला लटकणारी, इंद्रधनुष्य पाडणारी काच पण. अंक म्हणजे आकडा, मांडी, नाटकाचा भाग, मासिकाची प्रत, आणि खूण. हा शेवटचा 'खूण' अर्थ जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

तर मेथड अशी की क्लूमध्ये दोन न जुळणाऱ्या गोष्टी एकत्र आल्या, एक शाळेतली आणि एक घरातली किंवा देवळातली, की भूमिती समजायची. 'बातमी गोल आहे', 'ढगाला सहा तोंडं', 'दोरी वर्तुळात'. अशा वेळी समानार्थी शब्द शोधत बसायचं नाही, दोन याद्या करायच्या आणि कुठे जुळतंय ते बघायचं. आणि साधा सरळ क्लू असेल, 'आठ कोनांची आकृती' वगैरे, तर त्यात काही शिकण्यासारखं नाही, भरा आणि पुढे जा. फक्त पुस्तकी नावं एकदा चाळून ठेवा कारण ती रोजच्या बोलण्यात नसतात: विटेसारखा तो इष्टिकाचिती, डब्यासारखी ती वृत्तचिती, आइस्क्रीमच्या कोनसारखा शंकू, समोरासमोरच्या बाजूंची एकच जोडी समांतर असते तो समलंब. आमच्या आईला इष्टिकाचिती हा शब्द पहिल्यांदा सांगितला तेव्हा तिला वाटलं मी कुठल्यातरी यज्ञाबद्दल बोलतोय, आणि खरं सांगायचं तर ती फार चुकली नाही, इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचलेला ढीग.

आता झेंडे. इथे मजा आहे. संस्कृतात माणसाला किंवा देवाला त्याच्या झेंड्यावरच्या चित्रावरून नाव द्यायची पद्धत आहे आणि कोडंवाल्यांनी ती पूर्ण वापरलीये. फॉर्म्युला सोपा: पुढे चित्र, मागे ध्वज किंवा केतन किंवा केतू. झेंड्यावर माकड तो कपिध्वज, म्हणजे अर्जुन. गरुड तो गरुडध्वज, विष्णू. बैल तो वृषभध्वज, शंकर. मकर किंवा मासा तो मदन. ताडाचं झाड तो तालध्वज, बलराम आणि भीष्म दोघांना चालतं, त्यामुळे क्लूत 'गंगापुत्र' आहे का 'कृष्णाचा भाऊ' ते बघा. दुर्योधनाच्या झेंड्यावर नाग. आणि केतू म्हणजेच झेंडा हे कळलं की धूमकेतू आपोआप उलगडतो, धुराचा झेंडा लावून फिरणारा. आईच्या कोड्यात मीनकेतन आणि केतू एकमेकांना छेदत होते तो योगायोग का कोडं करणाऱ्याची बदमाशी देव जाणे, दोघांतही झेंडा.

यातला सगळ्यात मोठा गोंधळ वाहन आणि झेंडा यांचा. विष्णूचं वाहन गरुड आणि झेंड्यावर पण गरुड, शंकराचं वाहन नंदी आणि झेंड्यावर पण बैल, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळ्यांचं तसंच असणार. नाही. मदनाचं वाहन पोपट, झेंड्यावर मकर. कार्तिकेयाचं वाहन मोर, झेंड्यावर कोंबडा. मी एकदा 'कार्तिकेयाच्या ध्वजावर, तीन घरं' याला पेनाने म-यू-र ठोकून दिलं, घरं पण बरोबर बसली, आणि मग अख्खा डावा कोपरा सुटेना, अर्धा तास त्या यू च्या खाली जाणारा शब्द शोधतोय. कोंबडा. तीनच घरं. तेव्हापासून चिन्हांचे क्लू पेन्सिलने. मकर म्हणजे काय हाही प्रश्न येतो, राशीतला, मगरीसारखा, पण लेण्यांमध्ये बघाल तर सोंड, मगरीचा जबडा आणि माशाची शेपटी अशी भेळ असते. देवळाच्या किंवा लेण्याच्या दारावर एका बाजूला मकरावर उभी ती गंगा आणि दुसरीकडे कासवावर उभी ती यमुना, 'यमुनेचे वाहन' याला लोक हमखास अडतात, तर कासव किंवा दोन घरं असतील तर कूर्म.

आता तो अंक. शशांक म्हणजे ससा ही ज्याच्या अंगावरची खूण आहे तो, म्हणजे चंद्र. मृगांक म्हणजे हरणाची खूण, परत चंद्रच. दोन्ही तीन घरांचे आणि दोन्हींचा शेवट क ने, त्यामुळे पहिलं घर मिळेपर्यंत थांबायचं. आणि लांछन या शब्दाला घाबरू नका. आज आपण लांछन म्हणजे बट्टा, कलंक असं वापरतो, पण मूळ अर्थ नुसती खूण. जुन्या कोड्यांत 'महावीरांचे लांछन' असा क्लू दिसला की कुणाचा अपमान नाहीये तो, प्रत्येक जैन तीर्थंकराच्या मूर्तीखाली ओळखीसाठी एक चिन्ह कोरलेलं असतं त्याला लांछनच म्हणतात. महावीरांचं सिंह, पार्श्वनाथांचं नाग, नेमिनाथांचं शंख, शांतिनाथांचं हरीण, मुनिसुव्रतांचं कासव, मल्लिनाथांचं कलश, सुपार्श्वनाथांचं स्वस्तिक. चोवीसच्या चोवीस पाठ करायची गरज नाही, काहींच्या नावातच उत्तर आहे: ऋषभनाथ म्हणजे बैल, चंद्रप्रभ म्हणजे चंद्र, पद्मप्रभ म्हणजे कमळ. बाकी घरं बघून प्राण्याचं कुठलं नाव बसतं ते ठरवायचं, बैल दोन घरं, वृषभ तीन, हरीण तीन, मृग दोन.

राजघराण्यांची चिन्हं ही खरं म्हणजे आपल्याकडची हेराल्ड्री, म्हणजे घराण्यांच्या चिन्हांचं शास्त्र, पण शाळेत कुणी शिकवत नाही. बदामीच्या चालुक्यांचा वराह, राष्ट्रकूटांचा गरुड, देवगिरीच्या यादवांचाही गरुड, शिलाहार तर स्वतःला सुवर्णगरुडध्वज म्हणवून घ्यायचे. गोव्याच्या कदंबांचा सिंह. दक्षिणेत उतरलात तर चोळांचा वाघ, पांड्यांचे मासे, चेरांचं धनुष्य, पल्लवांचा बैल, गंगांचा हत्ती, आणि विजयनगरचा परत वराह. होयसळांचं चिन्ह म्हणजे सिंहाशी लढणारा माणूस. ही यादी मी एका जुन्या डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलीये आणि लाज न बाळगता बघतो. म्हैसूरच्या वडियारांचा गंडभेरुंड, दोन डोक्यांचा पक्षी, आज कर्नाटक सरकारच्या चिन्हावर आहे. आणि आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर दिसतो तो शरभ, वाघासिंहासारखा काल्पनिक प्राणी, पंजात छोटे छोटे हत्ती धरलेला. ट्रेकला गेलात की फोटो काढता ना त्याचा, त्याचं नाव श-र-भ, तीन घरं, आणि कोड्यात वारंवार येतो कारण तिन्ही अक्षरं साधी आहेत.

शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवर प्रश्न हमखास. आकार अष्टकोनी, भाषा संस्कृत, मजकूर 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता, शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते'. क्लू बहुतेक वेळा एका शब्दावर असतो, 'मुद्रेतला चंद्र कुठल्या तिथीचा' म्हणजे प्रतिपदा, किंवा 'वाढत जाणारी' म्हणजे वर्धिष्णू. पत्राच्या शेवटी मजकूर संपल्याची खूण म्हणून वेगळा शिक्का असायचा, 'मर्यादेयं विराजते', त्याला मोर्तब म्हणतात, आणि शिक्कामोर्तब हा शब्द तिथून आलाय. 'शिक्क्याचा जोडीदार, तीन घरं' असा क्लू आला तर हेच. महाराष्ट्र शासनाच्या बोधचिन्हावर समई आणि हाच श्लोक आहे, फक्त 'शाहसूनोः शिवस्यैषा'च्या जागी 'महाराष्ट्रस्य राज्यस्य'. गोव्याच्या चिन्हावर वृक्षदीप आहे, चार घरं. आणि नौदलाचा झेंडा विसरू नका, २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत जो नवीन आला त्यातून सेंट जॉर्जचा लाल क्रॉस गेला आणि महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, आत राष्ट्रचिन्ह आणि नांगर, खाली 'शं नो वरुणः'. जुनं पुस्तक बघून कोडं सोडवत असाल तर इथे घोळ होतो.

राष्ट्रचिन्हात सिंह चार आहेत, दिसतात तीन, हे सगळ्यांना माहितीये. पण खालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल, सिंह असे चार प्राणी आहेत आणि नाण्यावर, नोटेवर समोरून मध्ये चक्र, आणि त्याच्या दोन बाजूंना बैल आणि घोडा एवढेच दिसतात. म्हणून 'राष्ट्रचिन्हात असून न दिसणारा' असा तिरका क्लू आला तर हत्ती. सत्यमेव जयते मुंडकोपनिषदातलं, स्तंभ सारनाथचा, स्वीकारलं २६ जानेवारी १९५०ला. पक्षांच्या निवडणूक चिन्हांवरचे क्लू मी सरळ सोडतो, कोडं छापून येईपर्यंत चिन्ह कुणाकडे असेल सांगता येत नाही.

मराठेशाहीचा थाट हा एक वेगळा कप्पा आहे. झेंड्याला इथे निशाण, भगवा, जरीपटका, पताका, बावटा सगळं चालतं, पण दोन घरांचा झेंडा आला आणि काहीच बसेना तर ढाल लिहून बघा. होय, ढाल. सैन्याच्या मोठ्या झेंड्यालापण ढाल म्हणायचे, आणि तो झेंडा वाहणारा हत्ती म्हणजे ढालगज. ढालगज भवानी म्हणतो ना आपण, ते तिथलंच. बाकी छत्र, चामर (चवरी), मोर्चेल (मोरपिसांची चवरी), अब्दागीर (उन्हासाठीची मानाची छत्री), आणि माहीमरातब, म्हणजे मुघलांकडून मिळणारा मानाचा मासा. १६७४ च्या राज्याभिषेकाला रायगडावर आलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडनने लिहून ठेवलंय की सिंहासनाच्या बाजूला भाल्यांच्या टोकांवर सोन्याची माशांची डोकी होती, घोड्यांच्या शेपट्या होत्या आणि सोन्याचा तराजू होता, तराजू न्यायाची खूण म्हणून. 'राज्याभिषेकातले न्यायचिन्ह, तीन घरं', त-रा-जू, आता अडणार नाही.

मुंबईकरांसाठी एक छोटं: सीएसएमटीच्या जुन्या इमारतीच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ आहे, सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा. रोज लाखो लोक समोरून जातात आणि विचारलं तर दोन सिंह म्हणतात, मीपण म्हणायचो.

पैठणी आणि रांगोळीवरचे क्लू असले तर घरातल्या बायकांना विचारा, उगाच गूगल करू नका, मी हे मनापासून सांगतोय. पैठणीवरचा पोपट म्हणजे मुनिया, आंब्याच्या आकाराची नक्षी म्हणजे कोयरी, काठ नारळी, वेल आसावली. गाईच्या पावलांची रांगोळी गोपद्म, चैत्रात अंगणात शंख चक्र पाळणा सूर्य चंद्र सगळं काढतात ते चैत्रांगण. आईने एका दमात सांगितलेली यादी आहे ही, मी फक्त टाईप केली.

आकडे पण आकृतीच, म्हणून दोन ओळी. जुन्या पोथ्यांत आकड्याऐवजी वस्तू लिहायची पद्धत होती आणि कोडंवाले ती उलटी वापरतात: वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच (मदनाचे), ऋतू सहा, ऋषी सात, वसू आठ, ग्रह नऊ, रुद्र अकरा, आदित्य बारा. 'मदनाकडे किती' याचं उत्तर पाच, आणि त्यावरून मदन चार घरांत हवा असेल तर पंचशर.

इंग्लिश कोडी करणाऱ्यांसाठी थोडं, कारण तिथे खरी हेराल्ड्री भरून आहे आणि आपल्याकडच्या लोकांना तीच नडते. युरोपातल्या सरदारांच्या ढालीवरचे रंग जुन्या फ्रेंच नावांनी ओळखले जातात: सोनेरी म्हणजे ऑर, रुपेरी म्हणजे आर्जेंट, लाल म्हणजे ग्यूल्स, निळा अझूर, काळा सेबल, हिरवा व्हर्ट. यातला ऑर सोन्याइतकाच मोलाचा आहे कारण ओ आणि आर ही दोन अक्षरं हजारो शब्दांच्या पोटात बसतात, क्रिप्टिक कोड्यात, म्हणजे क्लूतच शब्दांचे खेळ लपवलेल्या कोड्यात, 'गोल्ड' दिसलं की आधी ऑर, मग रसायनातलं ए-यू. प्राण्याची पोझ पण शब्द असते: मागच्या पायावर उभा राहून पंजे उगारलेला सिंह रॅम्पंट, चालणारा पासंट, बसलेला सेजंट, डोकं वर ठेवून पडलेला काउचंट, झोपलेला डॉर्मंट. पट्ट्यांचे आकार: आडवा फेस, उभा पेल, तिरका बेंड, उलट्या व्ही सारखा शेव्हरॉन, फुलीसारखा सॉल्टायर, स्कॉटलंडच्या झेंड्यावर आहे तो. दोन पायांचा ड्रॅगन म्हणजे वायव्हर्न, बिनपायाचा पक्षी म्हणजे मार्टलेट. आणि मलेट म्हणजे पाच टोकांचा तारा, पण मलेट मासापण असतो, म्हणजे आपल्या पतंगासारखंच डबल काम.

फसवणारे शब्द क्लूमध्येच असतात. आर्म्स म्हटलं की हात किंवा शस्त्रं डोक्यात येतात पण असते ती राजचिन्हाची ढाल, चार्ज म्हणजे ढालीवरचं चित्र, फील्ड म्हणजे ढालीची पार्श्वभूमी, बेअरिंग म्हणजे परत चिन्हच. उजवा-डावा पण उलटा: डेक्स्टर म्हणजे उजवी बाजू खरी, पण ढाल धरलेल्या माणसाची उजवी, आपल्याला समोरून ती डावी दिसते, आणि सिनिस्टर त्याच्या उलट. समोर उभ्या माणसाचा फोटो समजा.

बाकी प्रॅक्टिसने येतं. हे चार करून बघा, सगळे याच पद्धतीने सुटतात, पेन्सिल घ्या: कच्छमधली बाजू, दोन घरं. वर्तुळाला नुसता हात लावून जाते, तीन घरं. धुराशिवायचा धूमकेतू, दोन घरं. हरणाची खूण मिरवतो पण जंगलात राहत नाही, तीन घरं.

उत्तरं शेवटून सुरुवातीकडे: मृगांक, केतू, स्पर्शिका, भुज. भुज आईला सुटला नाही, तिने भूज दीर्घ लिहिलं होतं आणि अजून म्हणते तेच बरोबर आहे.